खिट्टीची डावी बाजू

कुऱ्हाड खाली आली ती थेट खांद्यात रुतली. पडद्यावरचा योद्धा गुडघ्यावर बसला, कसाबसा उठू लागला, तेवढ्यात कुठूनसा एक भालेवाला आला आणि त्यानं त्याला पाठीतून पोटापर्यंत आरपार भोसकलं. मग ओला टॉवेल झटकावा तसा भाला झटकून योद्ध्याला बाजूला फेकून दिलं. पडदा लाल झाला, मग काळा.

"गेलात," दीर म्हणाला. त्यानं मान वर केली नव्हती. टेबलावर उघडून ठेवलेल्या कंट्रोलरच्या पोटात तो काहीतरी कोरत होता आणि ओठांत बारीक स्क्रू धरलेले असल्यामुळं शब्द दाराच्या फटीतून आल्यासारखा आला.

खिट्टीनं आपल्या हातातला कंट्रोलर मांडीवर आपटला आणि आतल्या खोलीत झोपलेल्या नवऱ्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, पण अगदी मनापासून, एक शिवी हासडली. नवरा बेकरीत रात्रपाळीला भट्टीवर असायचा. दुपारी तो मेल्यासारखा झोपायचा आणि पुढच्या खोलीत रोज निदान पन्नास माणसं कापली जातात याचा त्याला पत्ता नसायचा.

खिट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या अपघात विभागाच्या दारावर ती गार्ड होती, आणि दार अडवून धरणाऱ्या खिट्टीवरून वॉर्डबॉयांनी तिला ते नाव पाडलं होतं. उंचीला बेताची, अंगानं रुंद, मान जवळजवळ नाहीच. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, हिला काय, एका हातानं बाजूला करू. जवळ आल्यावर कळायचं. इतर गार्ड शिट्ट्या मारायचे, ओरडायचे, काठी आपटायचे. खिट्टी काही बोलायची नाही. समोरच्याच्या काखेखालून आत शिरायची, कमरेचा पट्टा मुठीत धरायची, डोकं बरगड्यांत रुतवायची आणि तशीच चिकटून राहायची. सहा फुटी माणसं तिला झटकता झटकता दमून खाली बसली होती. तिच्या दंडावर कुणा पेशंटच्या चावऱ्या मेहुण्याचे दात अजून उमटलेले होते. पोट एकदा ब्लेडनं चिरलं होतं, पण वरवर. "कपडा जाड होता," एवढंच ती त्याबद्दल सांगायची.

त्या दारावर दुःख येतं ते आधी हातापायांत येतं. माणूस गेला हे कळल्याबरोबर काही जण रडतात, काही जण मारतात, आणि मारणारेसुद्धा पुढे रडतातच. खिट्टीला हे ठाऊक होतं, म्हणून तिनं कधी कुणावर डूख धरला नाही. रडू येईपर्यंत त्यांना धरून ठेवायचं, हेच आपलं काम आहे असं ती मानायची.

अशाच एकाला धरून ठेवताना तिचा डावा डोळा गेला. मोटारसायकलवरून पडलेल्या पोराचा बाप होता तो. तिनं त्याचा पट्टा धरला होता, पकड पक्की होती, आणि त्या बापाच्या पुतण्यानं बाजूनं सलाइनचा लोखंडी स्टँड उचलून तिच्या तोंडावर घातला. भुवई फाटली, गालाचं हाड तडकलं, रक्तानं युनिफॉर्मचा पुढचा भाग कडक होऊन गेला. पट्टा मात्र तिनं सोडला नाही. टाके निघाल्यावर डोळा दिसायला जागच्या जागी होता, हलायचाही. फक्त त्यातून उजेड तेवढा कळायचा, माणूस कळायचा नाही. डोळ्याच्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं, आता यापुढे हे असंच.

सुपरवायझरला तिनं अर्धंच सांगितलं. जखम भरली, टाके निघाले, मी तयार आहे. या सुपरवायझरला सगळे मेजर म्हणत. तो कधी सैन्यात नव्हता, पण बोलायचा तसा. त्यानं तिला काही दिवस पार्किंगच्या खोपट्यात पावत्या फाडायला बसवलं आणि म्हणाला, एकदा दारावर उभी राहा, मी स्वतः बघतो. मला पटलं तर दार तुझं, नाही पटलं तर खोपटं तुझं. खिट्टीला खोपटं नको होतं. तिथं दिवसभर लोक तिच्याकडे न बघता हात पुढे करायचे. दारावर निदान लोक तिच्या अंगावर यायचे.

डोळ्याचं हे घरात सगळ्यात आधी दिराच्या लक्षात आलं. तो लग्न न केलेला, चाळिशी ओलांडलेला, पुढच्या खोलीत टेबल टाकून व्हिडिओ गेमची यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. त्याचं सगळं आयुष्य स्प्रिंगा, बटणं आणि कडवट विनोद यांत गेलं होतं. एक दिवस त्यानं चहाचा कप तिच्या डाव्या हाताशी ठेवला. तिच्या कोपरानं तो सांडला. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा तिथंच ठेवला. पुन्हा सांडला. तेव्हा फरशी पुसता पुसता तो सहज विचारावं तसं म्हणाला, "वहिनी, डावीकडची बत्ती गुल का?"

तिनं आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमच्या दादांना सांगू नका, भाऊजी. मेजरला तर मुळीच नाही."

त्यानं सांगितलं नाही. त्यानं तिच्या हातात कंट्रोलर दिला.

सुरुवातीला तिला वाटलं, भाऊजी मन रमवायला देताहेत. पण दिराच्या डोक्यात वेगळंच होतं. त्याचं म्हणणं असं, की तुमच्याकडे आता एकच कॅमेरा उरलाय. ज्याच्याकडे एकच कॅमेरा असतो त्यानं तो सारखा फिरवायचा असतो, आणि खेळात नेमकं तेच शिकवतात. डाव्या अंगठ्याखालची काडी पाय चालवते, उजव्या अंगठ्याखालची काडी नजर फिरवते. पाय एकीकडे आणि नजर दुसरीकडे ठेवता आली की निम्मं युद्ध जिंकलं. आणि उजवी काडी नुसती आत दाबली की समोरच्या शत्रूच्या छातीवर एक पांढरा ठिपका बसतो. त्याला लॉक म्हणतात. मग तुम्ही कुठंही सरका, पडद्याच्या मधोमध तोच राहतो. तुमची तलवार त्याच्याकडे, ढाल त्याच्याकडे, तोंड त्याच्याकडे.

लॉक खिट्टीला पहिल्या दिवशीच आवडलं. हे तर तिचंच काम होतं. दिसला, धरला, सोडायचा नाही. पडक्या किल्ल्याच्या अंगणात ती शिरायची, जो पहिला आरडाओरडा करत येईल त्याच्यावर ठिपका बसवायची आणि त्याचे तुकडे करायची. हात तुटून उडायचा, शिरस्त्राण दुभंगायचं, गळ्यातून रक्त खळखळ यायचं, आणि खिट्टी ओठ घट्ट मिटून त्याच्यावर तुटून पडलेली असायची. तोवर बाजूनं दुसरा यायचा आणि तिचं मुंडकं उडवायचा.

"लॉक काही जादू नाही, वहिनी," दीर म्हणाला. तोंडातले स्क्रू त्यानं आता डबीत ठेवले होते, म्हणजे विषय गंभीर होता. "जो पडद्याच्या मध्यावर असेल त्याला ते धरतं. तो सगळ्यात वाईट आहे की नुसता ओरडतोय, ते त्याला कळत नाही. तुम्हाला कळायला पाहिजे."

"मग धरायचंच नाही का कुणाला?"

"एकटा असला तर धरा, खुशाल चिरडा. दोन असले की सोडा. आधी सगळी मोजदाद करा, मग धरा, एक वार करा, लगेच सोडा, पुन्हा बघा. काडीला बाजूला टिचकी दिली की ठिपका दुसऱ्यावर उडी मारतो. टिचकी शिका."

ती टिचकी शिकली. तिचे अंगठे जाड होते, सवय माणसं धरण्याची होती, बोटांची पेरं दुखून यायची. तरी ती पार्किंगवरून आली की चपला काढायच्या आधी टीव्ही लावायची. धरणं सोपं होतं, सोडणं जड जायचं. समोर कुऱ्हाडवाला अर्धमेला होऊन लटपटतोय, अजून एक घाव की संपला, आणि नेमकं तेव्हाच त्याला सोडून भिंतीवरच्या तिरंदाजाकडे वळायचं, हे तिच्या अंगाला पटत नव्हतं. हळूहळू पटलं. ती एकाचा गुडघा फोडायची, टिचकी, दुसऱ्याच्या तोंडावर ढाल, टिचकी, तिसऱ्याच्या पोटात तलवार मुठीपर्यंत. अंगणात प्रेतांचा खच पडायचा आणि दीर टेबलावरून म्हणायचा, "आमच्या घरात एवढी हिंसा पहिल्यांदाच होतेय. बाबा असते तर अभिमानानं रडले असते."

एक गोष्ट मात्र तिला फार दिवस छळत राहिली. गर्दी अंगावर आली की ती मागे सरकत भिंतीला पाठ लावायची. कोणताही गार्ड हेच करील. पण खेळात भिंतीला पाठ लागली की कॅमेराच अडकायचा. तो योद्ध्याच्या मागे असतो, त्याला मागे जायला जागाच उरत नाही, मग तो पुढे येऊन योद्ध्याच्या मानगुटीवर बसतो. पडद्यावर नुसता चिलखताचा पत्रा, नाहीतर दगड. शत्रू दिसेनासा होतो आणि त्या आंधळेपणात माणूस खाटकाच्या ओट्यावर पडल्यासारखा कापला जातो. खिट्टी अशी कितीदा तरी मेली. दर वेळी दीर तेच सांगायचा. भिंत सोडा. मोकळ्यात या. मोकळ्यात आलात की सगळे दिसतात. शेवटी तिच्या अंगठ्याला ते इतकं पाठ झालं की भिंत जवळ आली की तो तिला न विचारता मोकळ्याकडे वळायचा. त्या दिवशी तिनं अख्खं अंगण एकदाही न मरता साफ केलं. दिरानं हातातली सगळी कामं बाजूला ठेवून तिच्यासाठी कॉफी केली आणि कप तिच्या उजव्या हाताशी ठेवला.

मेजरनं बोलावलं तो दिवस सकाळच्या पाळीचा होता. अपघात विभागाचं दार दोन झडपांचं, ढकलून उघडायचं. बाहेर बाकं, नोंदणीची काचेची खिडकी, पाण्याचं मशीन. दाराला पाठ करून बाहेर तोंड केलं की डाव्या हाताला भिंत येते. तिथं खांद्याच्या उंचीवर रंग उडालेला एक चट्टा आहे. तो खिट्टीच्या खांद्यानं घासून घासून पडलेला. डावा खांदा तिथं टेकवला की आत जायचं असेल त्याला उजव्या बाजूनं, तिच्या हाताखालूनच जावं लागतं. ती जाऊन नेमकी त्या चट्ट्याला टेकली. आतून मोठ्या सिस्टरनी तिला पाहिलं आणि हातातली पट्टी न सोडता भुवया उंचावून, आलीस एकदाची, असं नुसत्या चेहऱ्यानंच म्हटलं. मेजर खिडकीशी हाताची घडी घालून उभा राहिला.

दुपार व्हायच्या आत कारखान्यातून एका माणसाला आणलं. पत्र्याच्या प्रेसमध्ये सापडला होता. स्ट्रेचरवरून चादरीखाली जे दिसत होतं त्यावरून खिट्टीला कळलं की हा राहत नाही. मागून त्याचे दोघे भाऊ आणि मेहुणा. थोरला भाऊ धिप्पाड, आल्यापासून आवाज चढवलेला. धाकटा अंगानं काटकुळा, गप्प. मेहुणा बाकावर बसला तो डोकं हातांत धरूनच. खिट्टीनं त्यांना बाहेर अडवलं. तिची मान सारखी फिरत होती. थोरला, धाकटा, बाक. थोरला, धाकटा, बाक. मेजरला वाटलं असेल, बाई आता किती सावध झाली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, हळू आवाजात सांगितलं आणि परत आत गेल्या.

मग थोरल्यानं नोंदणीच्या काचेवर गुद्दा मारला. काच फुटली, त्याची मूठ मनगटापर्यंत फाटली आणि तशीच रक्ताची मूठ घेऊन तो खिट्टीवर आला. जुन्या सवयीनं तिचे हात त्याच्या पट्ट्याकडे गेले, पण तिनं धरलं नाही. धरायचं नाही, आधी बघायचं. तिनं त्याच्या छातीत दोन्ही तळवे मारून त्याला मागे ढकललं, मान वळवली, आणि धाकटा भिंतीच्या हुकावरून आग विझवायचं लाल नळकांडं काढताना दिसला. टिचकी. ती त्याच्याकडे झेपावली, कोपर त्याच्या पोटात खुपसलं. नळकांडं त्याच्या हातातून सुटून त्याच्याच पायावर पडलं आणि बोटं मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. धाकटा किंचाळत खाली बसला. तोवर थोरला पुन्हा आलाच होता. त्याच्या गुद्द्यानं तिचा ओठ फुटला. तिनं त्याच्या नडगीवर बूट घातला, तो वाकला, तिनं गुडघा वर आणला आणि त्याचं नाक ओलं होऊन फुटलं. तोंडात रक्त येत होतं आणि आत कुठंतरी, खरं सांगायचं तर, तिला फार बरं वाटत होतं. दिसत होतं. सगळं दिसत होतं.

थोरल्यानं सगळा भार टाकून तिला मागे रेटलं. तिचा डावा खांदा त्या चट्ट्यावर आदळला. समोर त्याची छाती, शर्टाची दोन बटणं, त्यावर त्याच्याच नाकाचं रक्त. बाकी काही दिसेना. पडद्यावर नुसता पत्रा येतो ना, अगदी तसं. तिचा उजवा अंगठा आपोआप तर्जनीवर दाबला गेला. भिंत सोडा. ती त्याच्या हाताखालून वाकली आणि मोकळ्यात आली.

मोकळ्यात आल्याबरोबर थोरला पुन्हा तिच्यासमोर पूर्ण दिसू लागला. तिनं त्याचा हात पिरगाळून पाठीमागे घेतला आणि त्याला जमिनीवर पाडलं. मेजर खिडकीशेजारून पुढे धावला होता. आणि भिंतीपासून तिच्यापर्यंत एक माणूस सहज जाईल एवढी वाट उघडी पडली होती. मेहुणा बाकावरून उठला. तो पळाला नाही, ओरडला नाही. तो तिच्या डाव्या बाजूनं, तिच्या बाहीला घासून, चालत आत गेला.

तिला ते कळलं नाही. आतून स्टीलचा ट्रे पडल्याचा आवाज आला, आणि मग मोठ्या सिस्टर ओरडल्या, तेव्हा कळलं. सिस्टर कधी ओरडत नाहीत.

मेहुण्यानं लोखंडी स्टूल उचललं होतं. ते डॉक्टरीणबाईंच्या डोक्यासाठी होतं. सिस्टरनी हात मध्ये घातला. खिट्टी आत पोचली तेव्हा सिस्टरचं मनगट भलत्याच जागी वाकलेलं होतं, चामडीतून पांढरं हाड डोकावत होतं आणि मेहुणा स्टूल पुन्हा वर नेत होता. तिनं त्याला मागून केसांनी धरलं आणि त्याचं तोंड स्ट्रेचरच्या कठड्यावर आपटलं. दात पडले. स्टूल केव्हाच खाली पडलं होतं. तिनं त्याचं तोंड पुन्हा आपटलं. तो रडत होता. मारतानाही रडत असणार, ते तिला आता दिसलं, पण हात थांबेना. मेजरनं आणि वॉर्डबॉयनं मिळून तिला ओढून काढलं तेव्हा तिच्या मुठीत त्याच्या केसांचा पुंजका होता.

पोलीस आले, तिघांना घेऊन गेले, फरशी धुतली गेली. मेजर खूश होता. तिघंच्या तिघं एकटीनं लोळवले, असं तो भेटेल त्याला सांगत होता. विशेषतः ती भिंत सोडून पुढे आली, शत्रूच्या अंगावर गेली, याचं त्याला फार कौतुक वाटलं. दार तुझं, म्हणाला.

ती प्लास्टरच्या खोलीत गेली. मोठ्या सिस्टर पडून होत्या, हात कोपरापर्यंत बांधलेला. चेहरा चुन्यासारखा. त्या दोघींनी त्या दाराच्या आतबाहेर बरीच वर्षं काढली होती. डबा एकत्र खाल्ला होता, एकीच्या मुलीच्या लग्नात दुसरी राबली होती. सिस्टरनी डोळे उघडले आणि छताकडे बघतच म्हणाल्या, "तो तुझ्या अंगाला घासून आला गं. मी आतून बघत होते. म्हटलं, आता धरेल. आता धरेल."

खिट्टी उभीच राहिली. खोटं बोलायला वाव होता. गर्दी होती, थोरला अंगावर होता, कुणालाही पटलं असतं.

"सिस्टर, मला डावीकडचं दिसत नाही."

"कधीपासून?"

"त्या स्टँडपासून."

सिस्टरनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. आधी डाव्या डोळ्यात, मग उजव्या. "माझी पाठ दाराकडे असते," त्या म्हणाल्या. "टाके घालताना, सुई घालताना. तू आहेस म्हणून मी वळून बघत नाही. आणि तू ही अशी उभी राहिलीस."

सिस्टरनी डोळे मिटून घेतले. जा म्हणाल्या नाहीत, थांब म्हणाल्या नाहीत. ती तिथून तडक मेजरकडे गेली.

मेजरनं सगळं ऐकून घेतलं. मग टोपी काढून टेबलावर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "दुपारी दार दिलं तुला," तो म्हणाला. "निदान शाबासकी पचू द्यायची होतीस."

तो रागावला, आणि रागावला ते बरोबरच होतं. आपल्याला फसवलं याचा त्याला राग होता, आपण खिडकीशी उभं राहून कौतुकानं बघत होतो याचा त्याहून जास्त. दार गेलं, असं त्यानं सांगितलं, कायमचं. खोपट्यात तिची जागा दुसऱ्याला दिली होती, कारण ती पास होणार हे तो धरून चालला होता. उरली ती वरच्या मजल्यावरची कॅमेऱ्याची खोली. तिथला माणूस पडद्यांसमोर बसून घोरतो अशी तक्रार होतीच. उद्यापासून तिथं बस, म्हणाला, आणि मला काही दिवस दिसू नकोस.

घरी दिरानं तिचा सुजलेला ओठ पाहिला आणि खुर्ची सरकवून दिली. तिनं सगळं सांगितलं. सांगता सांगता भिंतीपाशी आली तेव्हा त्याच्या हातातली तारा जोडायची तापलेली कावी हवेतच राहिली. कावीच्या टोकाचा धूर तेवढा वर जात होता.

"मीच सांगितलं होतं तुम्हाला," तो म्हणाला. पुढे नेहमीसारखा काही विनोद येईल असं तिला वाटलं. आला नाही.

"तुम्ही खेळातलं सांगितलंत, भाऊजी. दार माझं होतं."

नवरा उठून बाहेर आला होता. दारात उभा राहून त्यानं तेवढं ऐकलं आणि दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. तिनं त्यालाही सांगून टाकलं. तो तिच्या उजव्या बाजूला येऊन बसला, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, उठून डाव्या बाजूला जाऊन बसला.

कॅमेऱ्याची खोली म्हणजे खिडकी नसलेला डबा. समोर पडद्यांची रांग, टेबलावर एक काडी. ढकलली की खालचा कॅमेरा वळतो, पिळली की माणूस जवळ येतो. खिट्टीला ती खोली शिक्षेसारखीच वाटली. खाली कुणी कुणाची कॉलर धरली की तिचे हात टेबलावरून उठायचे आणि पुन्हा टेबलावर पडायचे. मोठ्या सिस्टर हात गळ्यात अडकवून कामावर आल्या. कॅन्टीनमध्ये त्या तिच्या टेबलावर बसत नव्हत्या. उठूनही जात नव्हत्या.

दारावर आता नवा गार्ड होता. चांगला उंचापुरा, दंड फुगवणारा. एका दुपारी दोन टोळक्यांची मारामारी रस्त्यावरून उठून थेट अपघात विभागात आली. एका बाजूचा जखमी आत, दुसऱ्या बाजूचे चौघे त्याला संपवायला बाहेर. पुढचा उघड्या अंगानं, छाती बडवत शिव्या देत होता. नव्या गार्डनं त्याला धरला, आणि किती छान धरला! दोन्ही हातांनी गळा, गुडघा पोटात. त्याला जगात दुसरं काही दिसत नव्हतं.

खिट्टीनं काडी उलटी पिळली. कॅमेरा लांब गेला, चौघेही चौकटीत आले. टोपीवाला भिंतीच्या बाजूनं सरकत होता. हात पाठीमागे, हातात फुटकी बाटली.

तिनं वॉकीटॉकीचं बटण दाबलं. "त्याला सोड."

गार्डनं सोडलं नाही. त्याच्या कानात बाई बोलत होती आणि त्याच्या मुठीत माणूस होता.

"सोड म्हणते ना. तो नुसता ओरडतोय. तुझ्या डावीकडे टोपी, हातात बाटली. भिंतीकडे सरक. खांदा भिंतीला लाव."

या वेळी तो हलला. बाटली त्याच्या मानेसाठी आली होती ती दंडात घुसली. रक्ताची धार पडद्यावर काळी दिसली. तो ओरडला, पण खांदा भिंतीला टेकला होता, वाट बंद झाली होती. त्यानं दुसऱ्या हातानं टोपीवाल्याच्या जबड्यावर असा ठोसा हाणला की टोपी एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. छाती बडवणारा पुन्हा पुढे आला. गार्ड त्याच्याकडे वळायला लागला.

"भिंत सोडू नकोस," खिट्टी म्हणाली. तिचा अंगठा काडीवर पांढरा पडला होता. "येऊ दे त्याला. आधी उजवीकडचा बघ, चाकू आहे. पाय. पायावर मार त्याच्या."

चाकूवाल्याचा गुडघा उलटा वाकला. चाकू फरशीवरून घसरत बाकाखाली गेला. कुणाचंतरी डोकं पाण्याच्या मशीनवर आपटलं, काळं पाणी वाहायला लागलं. खाली मेजर शिट्टी फुंकत धावत येताना दिसला, आवाज येत नव्हता, नुसते गाल फुगलेले.

तीन दिसत होते. चौथा दिसत नव्हता. खिट्टीनं कॅमेरा अजून मागे घेतला आणि डावीकडे वळवला.